बळदात सापडलेले नऊ हाली रुपये



गेला महिनाभर शिवाराची नोंद टाकता आली नाही. पेरणीच्या आत जुनं घर उतरवायचं काम काढलं होतं. आमचं घर जिंतूर तालुक्यातलं, माळवदाचं, पांढऱ्या मातीच्या दोन हात रुंद भिंतींचं. मागच्या पावसाळ्यात मधल्या खोलीची भिंत फुगली. तवाच ठरवलं होतं, पुढचा मिरग हिच्या खाली काढायचा नाही.

त्या भिंतीत बळद होतं. नव्या पोरांसाठी सांगतो, बळद म्हणजे भिंतीतच बांधून काढलेली धान्याची कोठी. वरून दाणे ओतायचे, खाली भोक ठेवलेलं असायचं, त्यातून लागंल तसे काढायचे. आमचं बळद माझ्या आठवणीत कधी भरलेलं नाही. तोंड लिंपून बंदच होतं.

भिंत खाली आली तसं बळदाच्या तळातून मातीचं एक बोळकं निघालं. तोंडाला चिंधी बांधलेली. आत नऊ रुपये, काळे पडलेले, एका अंगाला चारमिनार. शिवाय करदोड्याच्या दोऱ्यात ओवलेले तीन भोकाचे पैसे. कामावरच्या गड्यांना वाटलं गुप्तधन लागलं. दोन फूट खाली उकरून बघितलं, उंदराच्या बिळाशिवाय काही निघालं नाही.

पण मला झोप लागंना ती दुसऱ्याच कारणानं. आमच्या आजीनं बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडलेली. घरात दाणा नव्हता म्हणून भाजी-पाल्यावर लेकरं जगवलेली. अशा बाईच्या घरात चांदीचे नऊ रुपये तसेच पडून कसे राहिले? विसरली म्हणावं तर आजी कुणाचा पैसा विसरणाऱ्यातली नव्हती.

उत्तर मोठ्या आत्याकडं होतं. आत्या ऐंशीची झाली, कानानं कमी ऐकती, पण जुनं सगळं ध्यानात आहे. तिच्याकडं जाऊन आलो, काही वाचून घेतलं, आणि त्यातून जे जुळलं ते आज लिहितो. विषय चिल्लरचा आहे, पण गोष्ट आपल्या घरातल्या बायांची आहे.

पैसा यायचा कुठून

कापसाचा, ज्वारीचा पैसा गड्याच्या हातात. पटका, चंची, कनवट ही त्याची ठिकाणं. बाईच्या हातात यायचा तो खुर्दा. आजीचा खुर्दा चार वाटांनी यायचा, असं आत्या सांगती. एक, सरवा. काढणी झाली की रानात पडलेली कणसं, राहिलेली बोंडं वेचायची. तो सरवा बाईचा, त्यावर घरधन्याचा हक्क नाही ही गावरीत. दोन, गवऱ्या. तीन, अंडी. चार, माहेरहून येताना भावानं हातावर ठेवलेला पैसा.

यातला एखादा आणा पदराच्या गाठीत, तिथून उतरंडीतल्या खालच्या गाडग्यात. उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी. वरच्यात मीठ, मधल्यात डाळ, तळात पैसे. घरातल्या गड्यानं आयुष्यात कधी उतरंड उतरवलेली नसायची, म्हणून ती जागा सगळ्यांत पक्की.

ह्या पैशाला बचत कुणी म्हणत नव्हतं. त्याचं काम ठरलेलं. मिरगाच्या तोंडावर बी कमी पडलं तर सावकाराकडून सवाईनं, दिडीनं आणावं लागायचं. म्हणजे मण नेलं तर सुगीला सव्वा मण नाही तर दीड मण घालायचं. चार महिन्यांसाठी पंचवीस ते पन्नास टक्के. आजच्या कुठल्याही पीककर्जापेक्षा कितीतरी जड. तवा गाडग्यातल्या दोन-तीन रुपयांनी दोन पायल्या बी रोखीनं आणलं तर सुगीला तेवढी रास घरात राहायची. आजीला टक्केवारी येत नव्हती, पण हा हिशेब तिला पाठ होता.

हाली आणि कलदार

आता ते चारमिनारचं नाणं. आपला परभणी जिल्हा तवा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. निजामाचं नाणं वेगळं, त्याला हाली म्हणायचे. इंग्रजांच्या रुपयाला कलदार. १९१८ पासून निजामाच्या स्वतःच्या कागदी नोटाही होत्या. दोन्ही रुपयांचे आणे सोळाच, आण्याचे पै बाराच, पण किंमत एक नव्हती. सात हाली म्हणजे सहा कलदार. सरकारी हिशेबात शंभर कलदारला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली.

आमच्या गावापासून वऱ्हाडाची हद्द लांब नाही. तिकडं लोणार, मेहकर, वाशीम इंग्रजी अमलात. सोयरिकी दोन्हीकडं. लेकीला भेटायला हद्दीपलीकडं जायचं तर आधी नाणं बदलायचं आणि बदलणाऱ्याला बट्टा द्यायचा. म्हणून आजीच्या गाडग्यात दोन्ही जातीची नाणी असायची, वेगवेगळ्या चिंध्यांत बांधलेली.

भोकाचा पैसा इंग्रजांचा. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली, तवा १९४३ पासून मधोमध भोक पाडलेला पैसा काढला, तांबं वाचावं म्हणून. आमच्याकडच्या बायांनी त्याचा उपयोग लगेच ओळखला. दोऱ्यात ओवता येतो, म्हणजे सांडत नाही. पोराच्या करदोड्यात बांधला की दागिना बी झाला आणि शिल्लक बी.

पस्तीसचे तीस

१३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन सुरू झाली, १७ तारखेला निजाम शरण आला. आपण ह्या दिवशी झेंडा लावतो, मुक्तिसंग्राम दिन म्हणतो. तो करायलाच पाहिजे. पण राज्य एका दिवसात बदललं तरी नाणं बदलायला दहा वर्षं लागली, ह्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. १९५० पासून भारताचा रुपया हालीच्या जोडीला चालू झाला. १९५१ पासून नवं हाली काढणं थांबलं. १९५९ पर्यंत ते चलनातून पुरतं बाद झालं.

ह्याच मधल्या वर्षांत कधीतरी आजीच्या गाडग्यावर पाळी आली. आत्या तवा आठ-नऊ वर्षांची. तिच्या तोंडून ऐका:

"आरं, बदलायला तालुक्याला जायचं ते गड्यानं. बायांनी कुठं जायचं? मायनं गाडगं उतरवलं आणि आमच्या बाच्या पुढ्यात ओतलं. बा बघतच राहिला. त्याला वाटलं हुतं घरात फुटका पैसा नाही. मोजले तर पस्तीस भरले. रातच्याला बा आला तो तीस घेऊन. माय म्हणली, माझे पाच कुठं गेले?"

पाच कुठंच गेले नव्हते. सात हालीला सहा, ह्या भावानं पस्तीसचे बरोबर तीस होतात. आज्यानं समजावून सांगितलं. आजीला भाव ठाऊकच होता. पण बाजारात भाव असा चालत नव्हता. आत्या म्हणती, जी वस्तू हालीच्या एका आण्याला यायची तीच दुकानदार नव्या एका आण्याला द्यायला लागला. कागदावर कुणाचं नुकसान नव्हतं, गाडग्यात मात्र होतं.

आणि खरी गोष्ट पुढंच आहे. ते तीस रुपये परत गाडग्यात गेलेच नाहीत. थकलेल्या शेतसाऱ्यात गेले. आजा वाईट माणूस नव्हता, व्यसन नव्हतं, पैसा घरालाच लागला. पण आजीला त्यानं विचारलं नाही. पैसा दिसला म्हणजे तो घराचा झाला.

मी आत्याला विचारलं, "मग हे नऊ?"

"ते तिनं ओतलेच नव्हते."

आधी दाणा, मग रुपया

आजीनं काही रुपये मागं ठेवले आणि जागा बदलली. उतरंडीवर आता आज्याची नजर गेली होती. म्हणून बळदाचा तळ. आणि ह्या जागेत अक्कल आहे, शेतीवाल्यानं लक्षात घेण्यासारखी. बळद ज्वारीनं भरलेलं असेल तोवर बोळक्याला हात लागतच नाही. शेवटचा दाणा निघाला तरच रुपया दिसतो. आधी दाणा खायचा, दाणा संपला तर चांदी मोडायची. पुढं मोह होऊ नये म्हणून कुलपाची गरज नाही, ज्वारीचंच कुलूप.

१९७२ ला बळद रिकामं झालं. आत्या म्हणती, तवा आजीनं बोळक्यातले काही रुपये सोनाराकडं मोडले आणि कडबा घेतला. गावातली निम्मी जनावरं त्या साली बाजाराला गेली, आमची बैलजोडी दावणीला राहिली. पुढच्या मिरगाला पेरणी वेळेत झाली ती त्या जोडीवर. नाणं सरकारनं बाद केलं होतं, पण त्यातली चांदी बाद झाली नव्हती. आताच सोनाराच्या काट्यावर नऊ रुपये १०० ग्रॅमच्या जरा वर भरले. हाली रुपयात चांदी ८२ टक्क्यांच्या आसपास असते.

"एकूण होते किती?" मी विचारलं.

"ते तिलाच ठाऊक."

दुष्काळानंतर संकरित ज्वारी आली, दाणे पोत्यात राहायला लागले, बळद लिंपून टाकलं. मी चौथीत असताना आजी एका रात्रीत गेली. बोळक्याचं कुणाला सांगायचं राहून गेलं. त्यानंतर ह्या घरात बी-बियाण्यासाठी माझ्या बापानं किती वेळा उसनं काढलं, आणि त्याच्या उशाशी चांदी होती. लपवलेल्या पैशाची ही दुसरी बाजू. जो कुणालाच ठाऊक नाही तो कुणाच्याच कामाला येत नाही.

आण्याचे पैसे होताना

हाली पुरतं संपायच्या आतच दुसरा बदल आला. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी सुरू झाली. रुपयाचे ६४ पैसे होते ते १०० झाले, आणि ओळखू यावेत म्हणून १९६४ पर्यंत त्यांना नये पैसे म्हणायचे. चार आण्याचे २५ बरोबर होतात, पण एका आण्याचे सव्वासहा. सव्वा पैसा तर नाही. म्हणून सरकारी कोष्टकात एक आणा म्हणजे ६, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९, चार आणे म्हणजे २५.

आता बघा. चार आणे एकदम दिले तर २५ मिळणार. एकेक आणा चार वेळा दिला तर २४. मोठा व्यवहार करणाऱ्याला हा फरक लागत नाही. ज्याचा व्यवहारच आण्याचा, त्याला लागतो. आजीनं त्यावर नेम काढला होता, चाराची थप्पी झाल्याशिवाय आणा मोडायचा नाही. शाळा न शिकलेल्या बाईनं कोष्टकातली फट ओळखून काढलेला हा नेम. मला ह्याचं लई कौतुक वाटलं.

मायचा गल्ला

उतरंड गेली, मायच्या काळात मातीचा गल्ला आला. कुंभाराकडून आणायचा, वर्षभर टाकायचा, पाडव्याला फोडायचा. पाडव्यालाच का? तर सालगड्याचं साल तवाच फिरतं, शेतीचा सगळा हिशेब तवाच होतो. गल्ल्यातून मायनं जोडवी केली, एकदा शेळी घेतली, ताईच्या लग्नात भांडी घेतली.

पण तिच्याही वाट्याला नाणं बदलणं आलंच. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी बंद झाली. २९ जूनपर्यंत बँकेत बदलून मिळणार होती. जूनचा शेवट म्हणजे आपल्याकडं पेरणीची घाई. चाराण्यासाठी रांगेत कोण उभं राहणार? मायचे ३१२ चाराणे तसेच डब्यात राहिले. ७८ रुपये. रक्कम छोटी, पण ती टाकायला तिला कैक वर्षं लागली होती. आता ते नातवंडं दुकान-दुकान खेळायला घेतात.

मग ८ नोव्हेंबर २०१६. पाचशे-हजाराच्या नोटा रात्रीतून बंद. आमच्याकडं कापूस ऐन वेचणीवर होता. ज्वारीच्या कणगीतून मायनं पाचशेच्या अकरा नोटा काढल्या आणि बाबांच्या पुढ्यात ठेवल्या. साडेपाच हजार. बाबा तसेच बघत राहिले, जसा साठ वर्षांपूर्वी आजा बघत राहिला असेल.

मायचं खातं जिल्हा बँकेत. १४ नोव्हेंबरपासून रिझर्व्ह बँकेनं जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायची मनाई केली. मुदत ३० डिसेंबरपर्यंत होती, पण बाबांचं दुसऱ्या बँकेत एकच खातं, पीककर्जाचं. नोटा तिथं भरल्या आणि कर्जाच्या बाकीत जमा झाल्या. कुणी लुबाडलं नाही, बाकी तेवढी कमी झाली. पण आजीचे तीस शेतसाऱ्यात, मायचे साडेपाच हजार पीककर्जात. नोटा वाया गेल्या नाहीत, पण मायची तेवढी सत्ता गेली. त्या दिवसानंतर बाबा गमतीनं विचारायचे, "अजून कुठं कुठं दडवलंय?" सगळे हसायचे. माय हसायची नाही.

त्याच आठवड्यातली दुसरी बाजू बी सांगतो. वेचणीच्या बायांना आठवडी बाजाराला रोख लागायची, आणि गावात शंभराची नोट दिसंना. बाया रिकाम्या हातानं गेल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी आल्या नसत्या, आणि ढगाळ हवेत फुटलेला कापूस झाडावर राहिला असता. मायनं गल्ला फोडला. एक, दोन, पाच, दहाची नाणी मिळून २,३४० रुपये. ते शेरानं मापल्यासारखे वाटून दिले. वेचणी थांबली नाही. मोठ्या नोटा कागद झाल्या त्या आठवड्यात आमचं रान चिल्लरनं चालवलं.

आता काय

आता चिल्लरच दिसत नाही. चहाचे दहा रुपये बी मोबाईलवरून जातात. सोयाबीन आलं, पैसा दिवाळीला एकदम आणि खात्यावर. सरवा राहिला नाही, गवऱ्या राहिल्या नाहीत. ज्या चार वाटांनी बाईच्या हातात खुर्दा यायचा त्या बुजत चालल्यात. मोबाईल बहुतेक घरांत गड्याच्या खिशात. म्हणून सांगण्यासारख्या चार गोष्टी सांगतो.

पहिली. खातं तिच्या नावावर पाहिजे, कर्जखात्याशी न जोडलेलं. बचत गटाचं मोल मला इथं कळलं. १९९२ ला नाबार्डनं ५०० गटांपासून गट बँकेला जोडायला सुरुवात केली, आज आपल्या जिल्ह्यात गावोगाव गट आहेत. त्यात महिन्याला शंभर-दोनशे टाकायचे, वहीत सगळ्यांसमोर लिहायचे. लपवायचं काही नाही आणि घरच्यानं परस्पर उचलायचंही काही नाही. आजीला जे बळदाच्या तळात करावं लागलं ते इथं उजेडात होतं.

दुसरी. पिग्मी भरणाऱ्यांनी जपून. ही रीत जुनी आणि चांगली, १९२८ ला उडुपीत रोज दोन आणे गोळा करण्यापासून सुरू झालेली. पण बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. आमचे बी काही हजार एका पतसंस्थेत बुडालेत, नाव घेत नाही.

तिसरी. दहाचं नाणं कुणी नाकारलं तर ऐकू नका. १४ तऱ्हेची दहाची नाणी सगळी चालतात, हे रिझर्व्ह बँकेनं २०१८ ला स्पष्ट केलंय. कायद्यानं रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंत देता येतात.

चौथी. रानात नांगरताना जुनी नाणी लागली तर १८७८ च्या कायद्यानं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन असेल तर कलेक्टरला कळवावं लागतं. परस्पर सोनाराकडं जाऊ नका. आमचं तर आमच्याच आजीचं निघालं, आणि सांगायला आत्या होती.

नऊमधला एक रुपया आत्याला नेऊन दिला. तिनं बोटानं चारमिनार चाचपला आणि पदराच्या गाठीत बांधला. बाकीचे आठ मायच्या हवाली केले. बाबांनी ह्या खेपेला काही विचारलं नाही.

नव्या घराला सिमेंटच्या भिंती आहेत, बळद नाही. बायकोनं ते बोळकं धुऊन, वाळवून स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेवलंय. त्यात काय टाकती ते तिनं सांगितलं नाही, आणि मी बी विचारलं नाही.